पावसाळ्यांत साखळी-करवत कशी ठेवावी

नांगर, कुळव, कोयता हीं आपलीं पिढीजात अवजारें कामानें झिजतात. इंजिनावर चालणाऱ्या अवजारांची गोष्ट निराळी आहे. तीं कामानें झिजतात त्याहून अधिक रिकामीं बसल्यानें बिघडतात. कोंकणांत व घाटमाथ्यावर आंबा, काजू, फणस, साग यांची लागवड असलेल्या पुष्कळ घरीं आतां साखळी-करवत, म्हणजे ज्यास लोक चेन सॉ किंवा वुडकटर म्हणतात तें यंत्र, येऊन पोहोंचलें आहे. पाऊस सरल्यापासून मे अखेरपर्यंत फांद्या छाटणें, वठलेलीं झाडें काढणें, जळण तोडणें अशा कामांस तें जुंपलेलें असतें. मृगाचा पाऊस लागला कीं तें कोपऱ्यांत जातें, आणि दसऱ्यापर्यंत त्याकडे बहुधा कोणी पाहत नाहीं. यंत्रास खरे जड जातात ते हेच चार महिने. या काळांत तें कसें ठेवावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोणी म्हणेल कीं, यंत्र बिघडलें तर दसऱ्यास कारागिराकडे नेऊं, त्यांत घाई कसली? परंतु आपल्या मुलखांत झाडें पडण्याचा हंगाम पावसाळाच होय. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां नारळी-पोफळीच्या वाड्या व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या आणि पडलेल्या झाडांनीं रस्ते अडले. अशा दिवशीं आजाऱ्यास बाहेर काढणें किंवा गोठ्यावर पडलेली फांदी दूर करणें हें सर्व करवत चालू होते कीं नाहीं यावर अवलंबून राहतें. म्हणून करवत ठेवावयाची ती गाडून टाकल्यासारखी नव्हे. हांक मारतांच उठेल अशी ती निजवली पाहिजे.

बिघाडाचें मुख्य मूळ टांकींत राहिलेलें पेट्रोल हें आहे. पेट्रोल फार दिवस सांचून राहिलें म्हणजे त्यांतील हलका भाग उडून जातो आणि मागें चिकट राळ उरते. कार्ब्युरेटरमधील इंधनाच्या वाटा सुईच्या अग्राएवढ्या बारीक असतात. त्या या राळेनें बुजतात, व आंतील पातळ पडदा ताठर होतो. हा दोष जुनाच आहे. आतां त्यांत एका नव्या कारणाची भर पडली आहे. इ. स. २०२३ च्या फेब्रुवारींत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल आपल्या देशांत विक्रीस आलें, आणि २०२५ सालापर्यंत देशांतील मिश्रणाचें सरासरी प्रमाण जवळजवळ तितकेंच झालें. हें इथेनॉल कांहीं अंशीं आपल्याच उंसापासून होतें, तेव्हां त्यास नांवें ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु त्याचा स्वभाव ओळखून वागलें पाहिजे.

इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ओलाव्याचें प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलें कीं इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलापासून फुटून निघतात आणि जड असल्यामुळें टांकीच्या तळाशीं बसतात. करवतीचें इंजिन टू-स्ट्रोक जातीचें असतें; त्यास वंगण मिळतें तें पेट्रोलांत मिसळलेल्या तेलाचेंच. हें तेल बहुतांशीं वरच्या पेट्रोलाच्या थराबरोबर राहतें, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तर तळाचें ओढते. अशा स्थितींत दोरी ओढून इंजिन चालू झालेंच, तर त्याच्या वांट्यास तेलाविना इंधन येतें, व पिस्टनवर ओरखडे पडून मोठ्या खर्चाचें काम निघतें. अनेक कारखानदारांनीं आपल्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच घालून दिली आहे. आपल्या यंत्राची पुस्तिका काय सांगते तें प्रत्येकानें पाहावें आणि विक्रेत्यास विचारून घ्यावें. पण कोणतेंही मिश्रण असलें तरी तें यंत्रांत महिनाभराहून अधिक सांचूं देऊं नये.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. हें काम मृगापूर्वीं, कोरड्या उन्हाच्या दिवशीं करावें. शेवटचें लांकूड कापल्यावर इंजिन पुरतें थंड होऊं द्यावें. मग अंगणांत, चुलीपासून व विडी-काडीपासून दूर, टांकींतील पेट्रोल स्वच्छ डब्यांत काढून घ्यावें. यानंतर करवत पुन्हां चालू करून मंद गतीनें ती आपोआप बंद पडेपर्यंत चालूं द्यावी, म्हणजे कार्ब्युरेटरमध्यें राहिलेला थेंबही जळून जाईल. टांकी रिकामी केली पण हें केलें नाहीं, तर अर्धेंच काम झालें असें समजावें. काढलेलें मिश्रण ताजें असेल व प्रमाण जुळत असेल, तर तें गवत कापण्याच्या टू-स्ट्रोक यंत्रांत त्याच आठवड्यांत संपवावें. विहिरीच्या आसपास अथवा बांधावर तें ओतूं नये.

दुसरें काम सिलिंडरचें. स्पार्क प्लग काढून त्या भोंकांतून टू-स्ट्रोकचें चमचाभर तेल आंत सोडावें व दोरी दोन-तीन वेळां हळूहळू ओढावी, म्हणजे तेल आंतल्या भिंतीस सर्वत्र लागेल. पिस्टन वरच्या टोंकास आणून ठेवावा. त्यामुळें धूर बाहेर जाण्याची वाट झांकली जाते व दमट हवा आंत शिरत नाहीं. मग प्लग पुसून पुन्हां बसवावा, परंतु त्याची टोपी न लावतां बाजूस ठेवावी. घरांतील मुलांनीं दोरी ओढली तरी यंत्र चालू होणार नाहीं.

तिसरें काम भुसा काढण्याचें. ओला भुसा स्पंजाप्रमाणें पाणी धरून ठेवतो, आणि त्यांत आंब्याचा किंवा फणसाचा चीक मिसळला म्हणजे त्याची दगडासारखी खपली होते. पातें झांकणारें आवरण काढून तेथील, साखळीच्या ब्रेकजवळील आणि सिलिंडरच्या कंगोऱ्यांतील सर्व भुसा लांकडाच्या काडीनें व जुन्या ब्रशानें काढावा. हवेची गाळणी पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें झटकून किंवा धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवावी.

चौथें काम साखळीचें, आणि येथें थोडी हकीकत सांगणें अवश्य वाटतें. आज सर्वत्र चालणाऱ्या साखळीचा घाट जोसेफ कॉक्स या अमेरिकन लांकूडतोड्यानें काढिला. इ. स. १९४६ सालीं ऑरेगन प्रांतांत लांकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याची अळी त्याच्या दृष्टीस पडली. ती आपल्या वळणदार जबड्यांनीं एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे कापीत लांकडांतून सहज वाट काढीत होती. त्या धर्तीवर त्यानें आळीपाळीनें डावे-उजवे दांते असलेली साखळी तयार केली आणि १९४७ पासून ती विकूं लागला. आमच्या बागांतील खोडकिड्यांस आम्ही शत्रु मानितों तें योग्यच आहे. पण तशाच एका किड्यानें हें अवजार शिकविलें हेंही खरें. यांतून ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, साखळीचा प्रत्येक दांता म्हणजे एक लहानसा रंधा आहे, आणि त्याचें सारें बळ केसाएवढ्या धारेंत आहे. गंज प्रथम खातो ती हीच धार.

म्हणून साखळी व तिची पट्टी दोन्ही काढून घ्यावीं. साखळी डिझेलमध्यें किंवा मिळत असल्यास रॉकेलमध्यें बुडवून ब्रशानें घासावी, कोरडी पुसावी व लगेच गोल कानशीनें धार लावावी. धार दसऱ्यास लावूं म्हणून ठेवूं नये, कारण वादळ दसऱ्याची वाट पाहत नाहीं. कानशीची जाडी साखळीप्रमाणें ठरते. लहान करवतींस ४ मिलिमीटर, मध्यमांस ४.८ अशा मापाच्या कानशी लागतात. धार लावल्यावर साखळी स्वच्छ तेलांत भिजवून झांकणाच्या डब्यांत ठेवावी. पट्टीची खोबण पातळ पत्र्यानें खरवडून काढावी, तेलाचें भोंक मोकळें करावें, कडेस उठलेली पाली सपाट कानशीनें घासावी, व तेलाचा हात द्यावा. पुन्हां जोडतांना पट्टी उलटी करून बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

आतां जागेचा प्रश्न. बहुतेक घरीं करवत खताच्या पोत्यांशेजारीं ठेवतात. यासारखी वाईट जागा नाहीं. युरिया, अमोनियम सल्फेट, मीठ हे पदार्थ हवेंतील पाणी ओढून घेतात, व त्यांच्या सहवासांत लोखंड झपाट्यानें गंजतें. गोठ्यांतील गोमूत्राची वाफही तितकीच घातक. करवत जमिनीवर न ठेवतां फळीवर, वारा खेळेल अशा कोरड्या खोलींत, मुलांच्या हातास लागणार नाहीं अशी ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधूं नये. आंत दंव धरतें. सुती कापड किंवा तागाचें पोतें पुरेसें आहे. ज्यांची करवत बॅटरीवर चालते त्यांनीं बॅटरी यंत्रांतून व चार्जरमधून काढून, सुमारें निम्मी भरलेली अशी कोरड्या जागीं ठेवावी.

एवढें केलें म्हणजे पावसाळ्यांत कोणत्याही दिवशीं करवत पाव तासांत कामास सिद्ध होते. साखळी चढवावी, प्लगची टोपी लावावी, आणि पुस्तिकेंतील प्रमाणानें ताजें मिश्रण करावें; ५० ला १ असें प्रमाण असल्यास लिटरास २० मिलिलिटर तेल. लांकडास लावण्यापूर्वीं साखळीचा ब्रेक धरतो कीं नाहीं व पट्टीच्या टोंकाकडून तेल उडतें कीं नाहीं हें अवश्य पाहावें. पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणलेल्या असतात. त्यांत बोथट साखळी व न धरणारा ब्रेक घेऊन शिरणें म्हणजे हातापायांचा सौदा करणें होय. जेथें दोन-तीन घरें मिळून एक यंत्र वापरतात, तेथें तें कोणाकडे व कसें ठेवलें आहे हें सर्वांस ठाऊक असावें.

खंडेनवमीस आपण अवजारांची पूजा करितों, ती रीति चांगली आहे. परंतु हळद-कुंकू लावण्याच्या दिवशीं जें अवजार गंजलेलें निघतें, त्याची पूजा जून महिन्यांतच चुकलेली असते. या कामास एक दुपार लागते. ती मृगापूर्वीं काढावी, एवढीच आमची शेतकरी बंधूंस विनंति आहे.