पाठ टेकायला गादी

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाची पहिली गादी बहुधा हवेची असते. भाड्याची घरं इथे बहुतेक रिकामीच मिळतात. दोन बॅगा आणि प्रेशर कुकर घेऊन उतरलेला विद्यार्थी नाहीतर नोकरदार त्यामुळे पहिल्याच शनिवारी वॉलमार्ट गाठतो आणि पंपासकट एअर मॅट्रेस घेऊन येतो. रात्री टम्म फुगवलेली ही गादी पहाटेपर्यंत सैल पडते. हिवाळ्यात जरा जास्तच, कारण गारठ्याने आतली हवा आकसते. शिवाय नुसती हवा ऊब धरत नाही. अंगावर कितीही जाड दुलई घ्या, थंडी खालून लागते. चादरीखाली घरून आणलेली गोधडी अंथरली तर बराच फरक पडतो, पण हे सगळं महिना-दोन महिनेच निभतं. मग पाठ बोलायला लागते आणि खऱ्या गादीचा शोध सुरू होतो.

पहिला मोह अर्थात फुकटाचा. महिनाअखेरीस भाडेकरार संपले की कॉलेजच्या गावांत फुटपाथवर टेबलं, खुर्च्या, दिवे, गाद्या काढून ठेवलेल्या दिसतात. टेबल खुशाल उचलावं. गादीला हात लावू नये, कारण ढेकूण. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने हा प्राणी अमेरिकेतून जवळजवळ नाहीसा झाला होता. गेल्या शतकाच्या अखेरीस तो परतला आणि आता मोठ्या शहरांत चांगलाच मुरला आहे. श्रीमंत देशात ढेकूण कुठले, हा आपला समज इथे महागात पडतो. ओळखीच्यांकडून जुनी गादी घ्यायचीच वेळ आली, तर कडेची शिवण बोटांनी फाकवून मोबाइलच्या टॉर्चने चारही बाजूंनी बघावी. काळे बारीक ठिपके दिसले, तर ओल्या कापसाने एक पुसून पाहावा. डाग तपकिरी-लालसर पसरला, तर तिथूनच नमस्कार करून निघावं. ढेकूण महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात, त्यामुळे "गादी गॅरेजमध्ये चार महिने पडूनच होती" या आश्वासनाला काही अर्थ नाही. पूर्ण घराला उष्णतेची प्रक्रिया करून घ्यायची, तर बिल हजार डॉलरच्या पुढे सहज जातं.

म्हणजे नवी गादी आली. इथे आपली सगळी खरेदीची अक्कल थोडी बाजूला ठेवावी लागते, कारण अमेरिकेत एमआरपी नावाची भानगड नाही. पाटीवर "मूळ किंमत १,४९९, आता ७४९" असं लिहिलेलं असतं. त्यातल्या पहिल्या आकड्याला कोणी बांधील नसतो. फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डे, मेअखेर मेमोरियल डे, मग ४ जुलै, सप्टेंबरात लेबर डे, नोव्हेंबरात ब्लॅक फ्रायडे असे सेल वर्षभर रांगेने येतात. सेल चुकला म्हणून हळहळण्याचं कारण नाही, पुढचा आलेलाच असतो. वरून विक्रीकर वेगळा. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे, ऑरेगॉनमध्ये शून्य.

तुलना करावी म्हटलं, तर तीही करू देत नाहीत. जवळपास तीच गादी कंपनी एका दुकानसाखळीला एका नावाने देते, दुसरीला दुसऱ्या. कापडाचा रंग आणि नक्षी तेवढी बदलते. मग "दुसरीकडे स्वस्त मिळाली तर फरक परत" हे वचन द्यायला दुकानदाराचं काय जातं? त्या नावाची गादी दुसरीकडे नसतेच. त्यातही गंमत अशी की फेब्रुवारी २०२५ मध्ये टेम्पर सीली या गादी बनवणाऱ्या कंपनीने मॅट्रेस फर्म ही दोन हजारांहून जास्त दुकानांची साखळी सुमारे ५ अब्ज डॉलरना विकत घेतली. सीली, टेम्परपेडिक, स्टर्न्स अँड फॉस्टर आणि त्या विकणारी ही दुकानं आता एकाच मालकाची आहेत. तिथला विक्रेता एक ब्रँड नाकारून दुसरा सुचवतो, तेव्हा हे लक्षात असावं. घासाघीस मात्र गाद्यांच्या दुकानात चालते, अगदी मंडईत चालते तशी. किंमत खाली येत नसेल, तर उशा, घरपोच डिलिव्हरी आणि जुनी गादी उचलून नेणं यातलं काहीतरी पदरात पडतं.

दुकानात न जाता घ्यायची, तर खोक्यातली गादी आहे. टफ्ट अँड नीडल २०१२ मध्ये आणि कॅस्पर २०१४ मध्ये बाजारात आली आणि फोम दाबून, गुंडाळून, कुरियरने घरी पाठवायची पद्धत रुळली. प्लास्टिक कापलं की ती दोन मिनिटांत उसासा टाकत फुगते, पण पूर्ण आकाराला यायला एक-दोन दिवस लागतात. केमिकलचा वासही तेवढ्यात उडतो, खिडकी उघडी ठेवावी. एकदा फुगली की ती पुन्हा गुंडाळता येत नाही, म्हणून तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरात खोकं न फोडता वर न्यावं. ३०० ते ८०० डॉलरमध्ये क्वीन आकाराची साधी, बरी गादी मिळते.

या कंपन्या शंभर रात्री झोपून बघा म्हणतात, त्याची अट नीट वाचावी. काही ठिकाणी पहिले तीस दिवस परत करताच येत नाही, काही ठिकाणी परत नेण्याचे पैसे कापतात, काही कंपन्या गादी एखाद्या संस्थेला दान करून पावती पाठवा म्हणतात. माझ्या मते किंमत बघायच्या आधी हे पान बघावं. दुकानात बूट घालून, विक्रेत्याच्या देखत पाच मिनिटं आडवं पडून काहीच कळत नाही. पंधरा-वीस रात्रींनंतर पाठ खरं सांगते.

आत काय आहे, हे कळायला एक आकडा उपयोगी पडतो : फोमची घनता. ती पौंड प्रति घनफूट अशी सांगतात. खालचा आधाराचा थर १.८ किंवा जास्त असेल तर गादी टिकते. कमी असेल तर दोन-तीन वर्षांत मधोमध खळगा पडतो. जाहिरातीत हा आकडा नसतो, ईमेल करून विचारावा. जी कंपनी उत्तर देत नाही, तिचं उत्तर मिळालंच. मेमरी फोमबद्दल "नासाचं तंत्रज्ञान" म्हणून सांगतात, ते खोटं नाही. चार्ल्स योस्ट यांनी १९६६ मध्ये नासाच्या एम्स केंद्रासाठी विमानातल्या आसनांकरता तो तयार केला. पण हा फोम उष्णतेने मऊ आणि थंडीने कडक होतो. शिकागोच्या जानेवारीत थर्मोस्टॅट खाली ठेवून झोपणाऱ्याला पहिली दहा मिनिटं गादी फळीच वाटते, आणि टेक्ससच्या ऑगस्टमध्ये त्याच फोममध्ये अंग भाजतं. स्प्रिंगा आणि फोम एकत्र असलेली हायब्रिड गादी थोडी महाग, पण हवा खेळती राहते.

आता आपल्या मनातल्या कडक गादीविषयी. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरलेल्या, वर्षभरात दबून घट्ट झालेल्या गादीवर आपण वाढलो, म्हणून "पाठीला कडकच बरं" हे आपण निर्विवाद मानतो. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम-कडक गादी दिली. नव्वद दिवसांनी मध्यम-कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. कुशीवर झोपणाऱ्याला तर हे सहज पटेल, कारण खांदा आणि नितंब थोडे रुतले नाहीत तर कणा वाकडाच राहतो.

वर्षा-दोन वर्षांनी आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर वेगळंच मोजमाप घ्यावं लागतं. चौदा इंची गादी, खाली नऊ इंची बॉक्स स्प्रिंग आणि सात इंची सांगाडा म्हणजे तीस इंच झाले. पाय लोंबकळत बसायचं आणि रात्री बाथरूमला उठताना उडी मारायची, हे सत्तरीत नको. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत आणि कड दबू नये. अगदी मऊ फोमच्या कडेवर बसलं की माणूस घसरतो आणि गुडघ्यांना उठताना आधार मिळत नाही.

चादरींचाही घोळ आहे. क्वीन गादी ६० बाय ८० इंच असते. आईने प्रेमाने बांधून दिलेली ९० बाय १०८ इंची डबलची चादर बारा इंच जाड गादीवर घातली की दोन्ही बाजूंचे बारा-बारा इंच झाकून खोचायला तीन-तीन इंच उरतात. सकाळी ती गोळा होऊन पायाशी असते. दहा इंचांची गादी घेतली तर पाच इंच मिळतात आणि कपाटातल्या चादरी कामी येतात. पाहुण्यांची ये-जा जास्त असेल, तर ३८ बाय ८० च्या दोन ट्विन एक्सएल घ्याव्यात : जोडल्या की ७६ बाय ८० ची बरोब्बर किंग होते, एरवी दोन खोल्यांत दोन.

सगळ्यात महत्त्वाची सूचना धुण्याबद्दलची. खोळ काढून धुवायची आपली सवय. काही स्वस्त गाद्यांना चेन असते आणि हात लगेच तिकडे जातो. १ जुलै २००७ पासून इथल्या नियमाप्रमाणे गादीला उघड्या ज्वाळेची चाचणी पास करावी लागते. ती स्वस्तात जमवायला काही कंपन्या फोमभोवती काचतंतूंचं आवरण घालतात. चेन उघडून खोळ ओढली की ते बारीक तंतू खोलीभर उडतात, कपड्यांत आणि हीटिंगच्या नळीत शिरतात, अंगाला खाज सुटते आणि घर साफ करायला व्यावसायिक बोलवावे लागतात. गादीच्या कडेला शिवलेल्या लेबलावर आत काय किती टक्के आहे ते छापलेलं असतं; त्यात फायबरग्लास किंवा ग्लास फायबर दिसलं तर ती गादी सोडून द्यावी. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२७ पासून गाद्यांमध्ये हे वापरायला बंदी आहे. धुवायचंच असेल तर वर वेगळा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घालावा आणि तो धुवावा. हळदीच्या दुधाचा एक डाग पडला तरी दहा वर्षांची वॉरंटी बहुधा तिथेच संपते, त्यामुळे प्रोटेक्टर पहिल्या रात्रीपासूनच हवा.

घर बदलताना किंवा भारतात परतताना गादी टाकायची वेळ येते. कॅलिफोर्निया, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि ऑरेगॉन इथे गादी घेतानाच पुनर्वापराचं शुल्क बिलात लागलेलं असतं, त्यामुळे ठरावीक केंद्रांवर जुनी गादी फुकट घेतात. न्यू यॉर्क शहरात ती फुटपाथवर ठेवण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत पूर्ण बंद करावी लागते, नाहीतर १०० डॉलर दंड. पिशवी हार्डवेअरच्या दुकानात दहा डॉलरच्या आत मिळते.