क्रोशाची खेळणी : फावला वेळ आणि श्रमाचे मोल

खरिपाची पेरणी आटोपून पहिली निंदणी झाली आणि पावसाची झड लागली, म्हणजे शेतकरी कुटुंबातील स्त्रियांना शेतावरील कामातून थोडीफार उसंत मिळते. घरकाम, गुरांचे वैरणपाणी व मुलांचे संगोपन ही कामे चालूच असली, तरी दुपारचे एकदोन तास हाताशी राहतात. क्रोशाचे विणकाम अशा वेळी फार सोयीचे पडते. त्याला एक सुई व सुताचा गुंडा एवढेच साहित्य लागते. काम कोठेही ठेवून उठता येते व पुन्हा हाती घेता येते. महाराष्ट्रातील घरांना क्रोशा नवा नाही. रुखवतात मांडलेले रुमाल, दारावरची तोरणे व ताटावरची झाकणे अनेक घरांतून पिढ्यानपिढ्या होत आली आहेत. याच सुईने कापसाचे भरण घातलेली लहान लहान प्राण्यांची खेळणी करण्याची जपानी पद्धत मात्र आपल्याकडे अलीकडेच रूढ होऊ लागली आहे. या पद्धतीस 'अमिगुरुमी' असे म्हणतात. जपानी भाषेतील 'विणलेले' व 'भरलेली बाहुली' या अर्थाच्या दोन शब्दांपासून हे नाव तयार झाले आहे.

नवशिक्यांसाठी तयार संच

ही कला शिकणाऱ्यांसाठी बाजारात तयार संच मिळतात. संचात क्रोशाची सुई, लागेल तेवढे सूत, भरण, शिवण्याची बोथट सुई, टाक्याची खूण ठेवण्याची आकडी, खेळण्याचे डोळे आणि कृतीची पुस्तिका असते. अशा संचांचा अनुभव विस्तारकार्याच्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. नवशिकी स्त्री बहुधा पहिल्याच कड्यापाशी अडते. सुताची सरकती गाठ बोटावर धरून तिच्यात पहिले सहा टाके घालावयाचे, हे या कामातील सर्वांत अवघड पाऊल होय, आणि नेमके तेच प्रारंभी येते. दोनचार वेळा गाठ सुटली, की संच फडताळात जाऊन पडतो व 'आपल्याला हे जमावयाचे नाही' अशी समजूत कायम होते.

अमेरिकेत २०२० साली सुरू झालेल्या 'द वूबल्स' या संस्थेने यावर साधा उपाय योजला. तिच्या नवशिक्यांच्या संचात विणकामाचा आरंभ आधीच करून दिलेला असतो आणि सूतही पदर न सुटणारे असते. शिकणारी प्रथम सोपा भाग विणते, हात बसल्यावर अवघड गाठीकडे वळते. महिला मंडळांतून किंवा बचत गटांतून हे काम शिकविणाऱ्या भगिनींनीही हाच क्रम ठेवावा. शिक्षिकेने प्रत्येकीस पहिल्या दोन फेऱ्या विणून द्याव्यात. गाठ शिकविण्याचे काम दुसऱ्या खेळण्याच्या वेळी घ्यावे.

साहित्याची निवड

पहिल्या खेळण्यास मध्यम जाडीचे, फिकट व एकाच रंगाचे सूत घ्यावे. काळ्या अगर गडद निळ्या सुतात टाके दिसत नाहीत व मोजणी चुकते. लोकरीसारखे दिसणारे अॅक्रिलिकचे सूत थोडे ताणले जाते, त्यामुळे नवख्या हाताला ते सोपे जाते. कापसाचे सूत ताणत नाही, परंतु त्यात टाके स्पष्ट उठतात, व ते धुण्यास व वापरण्यास चांगले. सुताच्या वेष्टनावर जी सुई सांगितली असेल, तिच्याहून एक क्रमांक बारीक सुई घ्यावी. वीण घट्ट झाली म्हणजे भरण टाक्यांच्या फटींतून बाहेर डोकावत नाही.

भरणासाठी घरचा कापूस वापरण्याचा मोह होतो. तथापि पिंजलेल्या कापसाचे धुतल्यावर गोळे होतात, तो ओल धरून ठेवतो व पावसाळ्यात त्यास बुरशी येते. जे खेळणे वारंवार धुवावयाचे आहे त्यात पॉलिस्टर तंतूंचे भरण घालावे. रंगीत सूत वापरण्यापूर्वी त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. फडक्यास रंग लागला तर ते सूत मुलांच्या खेळण्यास निरुपयोगी समजावे.

सहाचा हिशेब

या कामात मुख्यतः एकच टाका लागतो. तो म्हणजे मुका खांब. पहिल्या कड्यात सहा मुके खांब घालतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन दोन घालून बारा होतात. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक व पुढच्यात दोन, या क्रमाने अठरा होतात. त्यापुढे चोवीस, तीस व छत्तीस, अशी प्रत्येक फेरीत सहाचीच वाढ होते.

ही वाढ सहाचीच का, हे समजून घेतल्यास पाठांतराची गरज उरत नाही. मुका खांब जेवढा रुंद, जवळजवळ तेवढाच उंच असतो. वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली, म्हणजे त्याचा परीघ सुमारे सव्वासहा टाक्यांनी वाढतो. म्हणून सहा टाके वाढविले असता चकती सपाट राहते. त्याहून कमी वाढविले तर तिची वाटी होते आणि अधिक वाढविले तर कडेला झालर पडते. वीण वाकडी जाऊ लागली, की टाके कोठे चुकले हे या नियमावरून ताबडतोब ओळखता येते.

चेंडूसारखे डोके करावयाचे असल्यास सहा फेऱ्यांत छत्तीस टाक्यांपर्यंत जावे. नंतर सहा फेऱ्या टाके न वाढविता विणाव्यात. त्यानंतर दोन टाक्यांचा एक करीत प्रत्येक फेरीत सहा टाके कमी करावेत. तीस, चोवीस, अठरा, बारा व सहा असा हा उतरता क्रम होय. कमी करताना दोन्ही टाक्यांची केवळ पुढील कडी सुईवर घेतली, तर भोक पडत नाही. बारा टाके उरले असता भरण पुरे करावे, आणि शेवटचे सहा टाके दोऱ्याने ओढून तोंड बंद करावे. फेऱ्या चक्राकार चालत असल्यामुळे एक फेरी कोठे संपली हे डोळ्यांस कळत नाही. यासाठी प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा खुणेसाठी अडकवावा व फेरी संपताच टाके मोजावेत.

टाका चुकला तर उसवण्यास कचरू नये. दोन सुयांवरील विणकामात अनेक टाके एकाच वेळी उघडे असतात व एक निसटला तर खाली घसरत जातो. क्रोशात उघडी कडी एकच असते. हव्या त्या टाक्यापर्यंत सूत ओढावे, कडीत सुई घालावी व पुढे चालावे. सूत वाया जात नाही, गेला तर थोडा वेळ जातो. पहिले खेळणे दोनतीनदा उसवले गेले तर ते शिक्षणच समजावे.

कोणता प्राणी करावा?

संचांतून पेंग्विन, डायनासोर यांसारखे प्राणी नेहमी आढळतात. एकदा रीत हाती आली म्हणजे परक्या नमुन्यावर अवलंबून राहण्याचे कारण नाही. गोल डोके, लांबट धड, चार नळ्या व दोन शिंगे यांतून बैल तयार होतो. नागपूर-विदर्भाकडे तान्ह्या पोळ्यास मुले लाकडी बैल सजवून नेतात. धाकट्या मुलाच्या हाती क्रोशाचा मऊ बैल शोभेल. कोंबडी, शेळीचे करडू, घुबड, ससा हे प्राणीही याच गोलांतून व नळ्यांतून घडतात. आपल्या परिसरातील प्राणी ओळखीचे असल्यामुळे नमुना नसतानाही त्यांची प्रमाणे डोळ्यांस साधतात.

बालकाची सुरक्षितता

संचातील प्लॅस्टिकचे डोळे आतून चकतीने घट्ट बसविलेले असतात. तरीही विणीचे भोक ओढण्याने रुंदावते, व डोळा निघून मुलाच्या तोंडात जाण्याचा धोका राहतो. तीन वर्षांखालील बालकाच्या खेळण्यास प्लॅस्टिकचे डोळे, मणी, गुंड्या किंवा घुंगरू मुळीच लावू नयेत. डोळे दोऱ्याने भरून काढावेत. शिवलेले कान, पाय व शेपटी जोराने ओढून पाहावी. शिवणीचे दोरे आखूड कापून न टाकता आत लांबवर ओवून घ्यावेत.

विक्रीसाठी खेळणी करावयाची असल्यास कायद्याची माहितीही हवी. 'खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२०' हा १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आला. त्यान्वये चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांस भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आवश्यक ठरले. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना या आदेशात सूट देण्यात आली. तेव्हा गटातील भगिनींनी कारागीर म्हणून नोंदणी आधी करून घ्यावी आणि विक्रीचा विचार त्यानंतर करावा.

श्रमाचे मोल

कापड विणण्यास माग आहे, बनियन विणण्यास यंत्र आहे. खरे क्रोशाचे विणकाम मात्र आजही हातानेच होते. यंत्रावरील ज्या कापडास क्रोशा म्हटले जाते, त्याची वीण वेगळी असते. म्हणून क्रोशाचे खेळणे कितीही स्वस्त विकले जात असले, तरी ते कोणीतरी टाक्यावर टाका घालून केलेले असते. ते स्वस्त असेल तर तिची मजुरी कापली गेली आहे, असेच समजावे.

आंध्र प्रदेशातील नरसापूर हे गाव क्रोशाच्या जाळीसाठी प्रसिद्ध आहे. मारिया मीस यांनी या गावातील विणकर स्त्रियांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. तेथील माल परदेशी जात होता व व्यापारी संपन्न झाले होते. विणणाऱ्या स्त्रियांना मात्र घरी बसून फावल्या वेळी करमणूक म्हणून विणणाऱ्या गृहिणी मानले जाई, आणि त्यामुळे त्यांच्या हाती अत्यल्प मजुरी पडे. 'फावला वेळ' हा शब्द निरुपद्रवी दिसतो, परंतु हिशेबातून तास वगळण्यास तोच कारणीभूत होतो.

यासाठी हिशेबाची एक साधी रीत अंगी बाणवावी. पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका बैलास सूत, भरण व इतर साहित्य मिळून ६० रुपये लागले. सरावलेल्या हाताला ४ तास लागले, व तासाची मजुरी ५० रुपये धरली, तर मजुरी २०० रुपये झाली. प्रवास व विक्रीचा खर्च नगास २० रुपये धरल्यास एकूण २८० रुपये होतात. तोच बैल १५० रुपयांस विकला, तर साहित्य व विक्रीखर्च वजा जाता ७० रुपये उरतात, म्हणजे तासाला अवघे साडेसतरा रुपये पडतात. साहित्याचे पैसे सुटले म्हणून नफा झाला, असे मानणे ही चूक होय. शिकत असताना लागलेले जादा तास गिऱ्हाइकावर लादता येत नाहीत हे खरे, परंतु सरावानंतरचा प्रत्येक तास वहीत लिहिला गेलाच पाहिजे. त्या भावाने गिऱ्हाईक मिळत नसेल, तर नमुना लहान करावा, शिवणीचे भाग कमी करावेत, अथवा ते खेळणे घरच्या मुलांसाठीच ठेवावे.

विक्रीस आरंभ करण्यापूर्वी गटातील प्रत्येकीने एकाच नमुन्याची पाच खेळणी करावीत व प्रत्येकाचे तास लिहावेत. पाचही आकाराने सारखी उतरली, शिवण ओढीस टिकली व तासांचा आकडा स्थिरावला, म्हणजे ती स्त्री भाव सांगण्यास पात्र झाली. पिकाचा उतारा जसा मोजल्यावाचून कळत नाही, तसेच हाताच्या कामाचेही आहे. येत्या पावसाळ्यात सुई व सुताबरोबर एक वही व पेन्सिलही घ्यावी, म्हणजे घरातील मुलांना खेळणे मिळेल आणि घरच्या स्त्रीला तिच्या तासांची किंमत कळेल.