टाकीतून मीठ उडत नाही

समुद्री मासे पाळणाऱ्या नवख्यांमध्ये एक समज घट्ट बसलेला असतो: टाकी खाऱ्या पाण्याची, तेव्हा कमी झालेलं पाणीही खारंच भरायचं. ठाणे जिल्ह्यातल्या भाईंदरची मिठागरं आठवली तरी हा समज टिकत नाही. पाणी उन्हाने उडतं, मीठ मागे राहतं. काचेच्या टाकीतही तेच. समुद्राच्या पाण्यात हजार भागांना साधारण 35 भाग क्षार असतात, म्हणजे 100 किलो पाण्यात साडेतीन किलो. एवढ्याच पाण्याच्या टाकीत रोज उडालेल्या 2 किलो पाण्याची भरपाई खाऱ्या पाण्याने केली, तर दिवसाला 70 ग्रॅम मीठ वाढतं आणि आठवडाभरात क्षारता 40 च्या घरात जाते. मासे काही दिवस तग धरतात, कारण अंगातल्या क्षारांचा तोल ते स्वतः राखतात. प्रवाळ आणि तारामाशांना ते साधत नाही.

यावर आक्षेप येतो, आणि तो खरा आहे: गोडं पाणी भरत राहिलं तरी काही महिन्यांनी क्षारता उतरलेली दिसते, मग मीठ जातं कुठे? स्किमरच्या, म्हणजे फेसावाटे घाण काढणाऱ्या यंत्राच्या, फेसातून, झाकणावर साचणाऱ्या पांढऱ्या थरातून, बदलताना काढलेल्या पाण्यातून. या मार्गांनी मीठ पाण्यासोबत बाहेर पडतं, वाफेतून नव्हे. म्हणून ती तूट पाणी बदलताना, मोजून भरून काढायची. रोजच्या भरपाईत ती मिसळली की हिशेबच राहत नाही.

गोडं पाणी म्हणजे नळाचं, हाही घाईचा निष्कर्ष. डोंबिवलीत नळाला येणारं उल्हास नदीचं शुद्ध केलेलं पाणी पिण्याला योग्य असलं, तरी त्यातला क्लोरीन काढावा लागतो. शिवाय वाफेसोबत न जाणारे फॉस्फेट, सिलिकेट दर भरपाईला टाकीत साठतात आणि शेवाळाला खतपाणी मिळतं. घरच्या आरओचं पाणी बरं, पण त्याचा टीडीएस मोजल्याशिवाय नको: कित्येक यंत्रं चवीसाठी खनिजं परत मिसळतात, काहींत तर तांब्याची कार्ट्रिज असते, आणि तांबं कोळंबी-प्रवाळांना विषच.

ठरावीक तांब्याभर पाणी रोज ओतण्याची शिस्तही फसवी आहे. मे महिन्यात डोंबिवलीतल्या बंद खोलीत टाकीवर पंखा लावला, की पाणी थंड होतं ते बाष्पीभवनामुळेच. भरपाई साहजिकच वाढते. जुलैच्या दमट हवेत तेवढंच ओतत राहिलं तर पाणी पातळ होतं. त्यापेक्षा संपच्या, म्हणजे टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीच्या, शेवटच्या कप्प्यावर, जिथे पातळी खरोखर खाली जाते, रेघ मारावी. स्वयंचलित भरणी लावली तरी राखीव डबा लहानच ठेवावा. फ्लोट अडकून 5 लिटर एकदम आलं तर 100 लिटरच्या टाकीची क्षारता 35 वरून 33 पर्यंत येते. 20 लिटरचा कॅन रिकामा झाला तर 29 पर्यंत.