द्राक्षाच्या डोळ्यावर टपलेला उडद्या

ऑक्टोबर छाटणीनंतर कवठे महांकाळ, तासगाव, मिरज या पट्ट्यातील द्राक्षबागांत काही दिवस हिरवे पान दृष्टीस पडत नाही. काड्यांवर हायड्रोजन सायनामाईडचे पेस्टिंग झालेले असते आणि बागायतदार डोळे फुगण्याची वाट पाहत असतो. नेमक्या याच दिवसांत उडद्या भुंगेऱ्याचा उपद्रव सर्वाधिक जाणवतो. वेलीवर खाण्यासारखे दुसरे काहीच उरलेले नसल्याने त्याचा सारा मोर्चा फुगलेल्या डोळ्यांकडे वळतो.

जेमतेम साडेचार मिलिमीटर लांबीचा, उडदाच्या दाण्याएवढा हा कीटक शास्त्रीय परिभाषेत ‘स्केलोडोंटा स्ट्रिगिकॉलिस’ या नावाने ओळखला जातो. रंग तांब्यासारखा चकाकणारा, पंखांवर सहा गडद ठिपके. एरवी तो कोवळ्या पानांना लांबट छिद्रे पाडतो आणि शेंडे कुरतडतो. पाने भरलेल्या वेलीला हे नुकसान सोसते. फुगलेल्या डोळ्याचे तसे नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात काडी वाढत असतानाच डोळ्यात घडाची निर्मिती झालेली असते. ऑक्टोबरची छाटणी त्या तयार घडाला केवळ बाहेर येण्याची वाट करून देते. असा डोळा पोखरला गेला, की त्या हंगामापुरता तो घड गेलाच. शेजारचा दुय्यम डोळा फुटला, तरी त्यावर माल येईलच असे नाही. दुष्काळी तालुक्यात टँकरच्या अथवा म्हैसाळ योजनेच्या पाण्यावर जोपासलेल्या बागेला ही तूट परवडणारी नसते.

ब्रिटनमध्ये रास्पबेरीवर पडणारा भुंगेराही कळ्या आणि फुले खातो; तेथील मुख्य तक्रार मात्र फळात शिरणाऱ्या अळीची असते. उडद्याची अळी फळाकडे फिरकतही नाही. मादी खोडाच्या सुटलेल्या सालीखाली २० ते ४० अंड्यांचे पुंजके घालते. चार ते आठ दिवसांत बाहेर पडलेल्या अळ्या थेट जमिनीत उतरतात आणि पाच-सहा आठवडे मुळांची साल खाऊन वाढतात. मग मातीतच, आठ-दहा सेंटिमीटर खोलीवर, त्या कोषात जातात. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा हा प्रवास सुमारे ५२ दिवसांत पुरा होतो.

म्हणजेच या किडीच्या आयुष्याचा बराच भाग फवाऱ्याच्या टप्प्याबाहेर जातो. काड्यांवर फवारलेल्या औषधाने वरचे भुंगेरे मरतात. जमिनीतील पिढी सुरक्षित राहते आणि यथावकाश वर येते. मग औषधच बनावट होते, अशी समजूत करून घेतली जाते. दोष बहुधा औषधाचा नसतो.

सुटलेली साल हे उडद्याचे खरे घर. अंडी तिच्याखाली आणि लपण्याची जागाही तीच. म्हणून छाटणीच्या वेळी खोड व ओलांड्यांवरील सैल साल काढून जाळून टाकणे हा जुना उपाय आजही पहिल्या क्रमांकाचा ठरतो. साल काढताना खोडकिड्याची छिद्रे आणि भुसाही उघडा पडतो, हा आणखी एक लाभ. खोडाभोवतीची माती हलवल्यास कोष उन्हात व पक्ष्यांच्या दृष्टीस येतात.

उडद्याची एक खोड बागायतदाराच्या पथ्यावर पडते. वेल हलवताच तो मेल्याचे सोंग घेऊन खाली पडतो. त्यामुळे रॉकेल मिसळलेल्या पाण्याचे पसरट भांडे खाली धरून वेल हलवली, तर भुंगेरे गोळा होतात. खोडाच्या बेचक्यात केळीची वाळलेली पाने अडकवली, तर ते आडोशासाठी तेथे जमतात आणि ती पाने जमलेल्या भुंगेऱ्यांसह नष्ट करता येतात. मोठ्या क्षेत्रावर हे काम मजुरांअभावी जिकिरीचे होते, हे खरे. तेथे कीटकनाशक अटळ ठरते. मात्र ते मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशीनुसार आणि डोळे फुगू लागतानाच वापरावे लागते. पाने निघाल्यावर केलेली फवारणी गेलेले डोळे परत आणत नाही.