मोटारसायकलची इंधन कार्यक्षमता

मोटारसायकलची इंधन कार्यक्षमता म्हणजे ठरावीक इंधनात मोटारसायकलने कापलेले अंतर होय. भारतात ती किलोमीटर प्रति लिटर या एककात सांगतात. बोलीभाषेत तिला 'मायलेज' किंवा 'ॲव्हरेज' असे म्हणतात.

मापन
वाहनांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्यातील 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' (स्थापना १९६६) ही प्रमुख संस्था आहे. चाचणीत मोटारसायकल रुळांवर (रोलरवर) ठरावीक वेगक्रमाने चालवतात आणि धुरातील कार्बनयुक्त वायूंवरून जळालेल्या इंधनाचे प्रमाण काढतात. पूर्वीच्या भारतीय चाचणीचक्रात कमाल वेग ताशी ४२ किमी होता. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांत जागतिक चाचणीचक्र वापरले जाते.

परिणाम करणारे घटक
प्रयोगशाळेतील आकडा रस्त्यावर क्वचितच मिळतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने अतिवेगात इंधन अधिक लागते. याउलट वारंवार थांबावे लागल्यास प्रत्येक ब्रेकबरोबर गतिज ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यामुळे नवी मुंबईतील घणसोली गावाच्या गल्ल्यांतून जाताना आणि लगतच्या ठाणे–बेलापूर रस्त्यावर मध्यम, स्थिर वेगाने जाताना एकाच गाडीचे मायलेज वेगवेगळे येते. टायरमधील कमी हवा, सैल किंवा कोरडी साखळी आणि जास्त भार यांमुळेही ते घटते.

आकड्यांचा अर्थ
मायलेजमधील समान वाढीने समान बचत होत नाही. महिन्याला १,००० किमी प्रवासासाठी ४० ऐवजी ५० किमी प्रति लिटर देणारी गाडी घेतल्यास ५ लिटर पेट्रोल वाचते. ६० ऐवजी ७० देणारी घेतल्यास सुमारे २.४ लिटरच. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून कमी मायलेजच्या गाडीतील सुधारणा खिशाला व पर्यावरणाला अधिक लाभदायक ठरते.

इतिहास
दुघाती (टू-स्ट्रोक) इंजिनात काही ताजे मिश्रण न जळताच बाहेर पडते. १९८५ मध्ये आलेल्या चौघाती 'हीरो होंडा सीडी १००' या गाडीने कमी इंधनखर्च हाच जाहिरातीचा मुख्य मुद्दा केला. ५ जुलै २०२४ रोजी बजाज ऑटोने पुण्यात 'फ्रीडम १२५' ही सीएनजी व पेट्रोल या दोन्हींवर चालणारी मोटारसायकल सादर केली. तिच्यात २ किलो सीएनजी व २ लिटर पेट्रोल मावते. सीएनजी किलोत मोजला जात असल्याने तिचे मायलेज पेट्रोलच्या गाडीशी थेट ताडून पाहता येत नाही. त्यासाठी प्रति किलोमीटर खर्च काढावा लागतो.