मेणवली : गांव, वाडा व दप्तर

मेणवली दप्तराचें नांव संग्राहकांस नवें नाहीं. उत्तर पेशवाईचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकास त्या कागदांशीं केव्हां तरी गांठ घालावीच लागते. परंतु ज्या गांवावरून त्यांस हें नांव पडलें, तें गांव समक्ष पाहिलेले संशोधक त्या मानानें थोडे. येथील वाडा व घाट पाहिल्यानें दप्तराविषयींचा एक रूढ समज कसा दुरुस्त होतो, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

वाईहून धोमकडे जातांना सुमारें कोसभर अंतरावर कृष्णाकांठीं मेणवली लागते. १७६८ सालीं औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि व रघुनाथ घनश्याम मंत्री यांनीं हें गांव नाना फडणिसांस इनाम दिलें. नानांचा जन्म १७४२ चा. म्हणजे इनाम मिळालें तेव्हां त्यांचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. नारायणरावाचा खून व बारभाईंचें कारस्थान हीं पांच वर्षें पुढचीं. तेव्हां हें इनाम राज्य चालविणाऱ्या कारभाऱ्यास मिळालेलें नसून थोरल्या माधवरावाच्या दरबारांतील फडणिसास मिळालेलें आहे. पुढील वैभव मागें नेऊन पाहण्याची चूक येथें सहज होते.

वाड्यास सहा चौक आहेत. बाहेरून पाहणारास मात्र त्यांची कल्पना येत नाहीं. उंच, जाड भिंती व मोजकीं द्वारें एवढेंच दिसतें. आंत शिरल्यावर एका चौकांतून दुसऱ्यांत जावें, तसतसा गांवचा गलबला मागें पडतो. चौकाभोंवतीं सोपे, त्यांस लाकडी खांब व तुळया, वर माडी, आणि मध्यें आभाळास मोकळें अंगण, ही त्या काळच्या देशावरील वाड्यांची नेहमींची रीत. विशेष आहे तो दोन गोष्टींत. भिंतींच्या गिलाव्यावर काढलेलीं पौराणिक चित्रें कांहीं ठिकाणीं अद्याप ओळखूं येतात. आणि वाड्याच्या मागील दरवाजानें निघालें कीं माणूस नदीच्या घाटावर येतो. नित्य स्नानास व देवदर्शनास वस्तीतून जावें लागूं नये, अशीच ही योजना आहे.

घाट काळ्या दगडाचा, पात्राकडे वळत गेलेला. त्यावर मेणेश्वराचें व विष्णूचें अशीं दोन देवालयें आहेत. जवळच लहानशा घुमटींत एक मोठी घंटा टांगलेली असून तिजवर बालयेशूसह मरियेची मूर्ति व १७०७ हा आंकडा आहे. ही वसईच्या लुटींतील, चिमाजीआप्पांनीं आणलेली, असें सांगतात, व त्यांत अशक्य कांहीं नाहीं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतहि अशीच फिरंगी घंटा आहे. परंतु वसई पडली १७३९ च्या मे महिन्यांत. त्या वेळीं नाना जन्मासहि आले नव्हते, आणि मेणवली त्यांजकडे येण्यास आणखी एकोणतीस वर्षें होतीं. घंटा नानांनीं येथें टांगली असेल, तर मधला सर्व काळ ती अन्यत्र होती, हें उघड आहे. ती कोठें होती, याचा माग काढण्याजोगा आहे.

आतां दप्तराकडे वळूं. नानांचें कामकाज पुण्यास चाले. तेथें त्यांचा स्वतंत्र वाडा होता. मेणवलीची रचना पाहतां ती कचेरीची जागा वाटत नाहीं. नदीकांठच्या घरगुती राहणीसाठींच ती बांधलेली दिसते. १७९६ च्या धामधुमींत नाना पुणें सोडून वाईच्या बाजूस आले खरे, पण तेथेंहि न थांबतां घाट उतरून महाडास गेले. १३ मार्च १८०० रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. त्यांच्या पत्नी जिऊबाई यांस दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत बरेच हाल सोसावे लागले. राज्य गेल्यावर त्या मेणवलीस येऊन राहिल्या. कुटुंब येथें स्थिरावलें म्हणून कागदहि येथें टिकले, असें माझें अनुमान आहे. सारांश, ‘मेणवली’ हें त्या दप्तराच्या जन्मस्थानाचें नांव नसून आश्रयस्थानाचें आहे. या दप्तरांतील एखाद्या तारीखहीन पत्रास केवळ तेवढ्यावरून मेणवलीचें पत्र म्हणणें धोक्याचें होय.

पुढें कै. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं हें दप्तर मिळवून साताऱ्यास नेलें. तेथें १९२५ सालीं त्यांच्या संग्रहासाठीं इमारत उभी राहिली. वर्षभरांतच, १९२६ सालीं, ते वारले. १९३९ सालीं तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत आला. पुण्याच्या कारभारांतून उत्पन्न झालेले कागद मेणवली व सातारा अशी वाट करून पुन्हा पुण्यांतच पोंचले. वाड्याकडे मात्र हल्लीं इतिहासाच्या अभ्यासकांपेक्षां चित्रपटवाल्यांचेंच येणें अधिक. ‘स्वदेस’ (२००४) मधील गांव तें हेंच.

दप्तर निदान सुरक्षित आहे. गिलाव्यावरील चित्रांचें तसें नाहीं. प्रत्येक पावसाळ्याची ओल त्यांस बाधते. चौक, खण व भिंत यांच्या निर्देशासह त्यांचीं छायाचित्रें घेऊन, सबंध वाड्याच्या मोजणीच्या नकाशासह तीं एकत्र छापलीं जावींत. या कामीं ज्यांजपाशीं वाड्याचीं जुनीं छायाचित्रें असतील, त्यांनीं तीं घेतल्याच्या सालासह नकलेकरितां उपलब्ध करून द्यावींत.