नख जिव्हाळीला लागलं तर?

रविवारची सकाळ. आमच्या चिंगीची, म्हणजे पॉमेरेनियन कुत्रीची, तीन नखं नीट कापून झाली होती. चौथ्या नखाला तिने हिसका दिला आणि नेलकटर जरा आत बसलं. ती जोरात केकाटली, आणि फरशीवर लाल ठिपके! मुलगी रडायला लागली, सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या आणि मी कापूस शोधत घरभर फिरले. चिंगी माझ्या मागे मागे, त्यामुळे रक्तही घरभर.

खरं तर तिला एका जागी बसवलं असतं तर निम्मं काम झालं असतं. कुत्र्याच्या नखातही आपल्यासारखी जिव्हाळी असते. तिथे रक्तवाहिन्या आणि नसा असतात, म्हणून दुखतं खूप आणि रक्तही भळभळल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात निरोगी कुत्र्याचं असं रक्त बहुधा काही मिनिटांत थांबतं.

पण पाय धरण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. दुखावलेला कुत्रा कितीही लाडका असला तरी चावू शकतो. तोंडाजवळ चेहरा नेऊ नका, मुलांना दूर करा, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी त्याला कुशीत धरायला सांगा. चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरीही.

आता नखाकडे वळू. स्वच्छ सुती कापडाची घडी नखाच्या टोकावर घट्ट दाबून धरा. घड्याळ लावून पाच मिनिटं. मध्येच ‘थांबलं का’ म्हणून उचलून बघायचं नाही. धरू लागलेली खपली त्यानेच निघते. (मी चार वेळा बघितलं!) तरी थांबलं नाही तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा टोकावर दाबून बसवा. दाढीची तुरटी ओली करून टेकवली तरी चालते, मात्र ती झोंबते. औषधाच्या दुकानात मिळाली तर स्टिप्टिक पावडर आणून ठेवावी. ती फक्त नखाच्या टोकासाठी, कातडीवरच्या जखमेसाठी नव्हे.

स्पिरिट किंवा नुसतं डेटॉल ओतू नका. आपल्या घरातली दुखण्याची गोळी तर मुळीच देऊ नका. पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याला बाधू शकतात. रक्त थांबल्यावर अर्धा तास त्याला पळू देऊ नका, त्या दिवशी आंघोळ नको आणि नख चाटू देऊ नका.

वीस-पंचवीस मिनिटांनीही रक्त चालूच असेल, नख मुळापासून उचकटलं असेल, किंवा दोन दिवसांनी सूज, पू, लंगडणं दिसलं तर पशुवैद्यांना दाखवा.

पांढऱ्या नखात गुलाबी जिव्हाळी बाहेरून दिसते. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून तिथे पातळ पातळ काप घ्यावेत आणि कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसताच थांबावं. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीवर घासत नाही; ते विसरलं तर वळून मांसात रुततं.

त्यानंतर पंधरा दिवस नेलकटरचा आवाज झाला की चिंगी पलंगाखाली. मग रोज नुसता पाय हातात घ्यायचा, पोळीचा तुकडा द्यायचा आणि सोडून द्यायचं, असं सुरू केलं. सध्या एका बैठकीत दोन नखं होतात.